दोन तालमी

कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान आणि संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह या दोन वास्तू एकमेकींना इतक्या लागून उभ्या आहेत की, मैदानात कुस्ती लागून हलगी कडाडू लागली म्हणजे तिचा ठेका नाट्यगृहाच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येतो. या दोन्ही वास्तू राजर्षी शाहू छत्रपतींच्या हुकुमाने झाल्या. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेस गेले, त्या प्रवासात युरोपातील भव्य प्रेक्षागृहे आणि क्रीडागारे त्यांच्या दृष्टीस पडली, आणि परतल्यावर काही वर्षांच्या अवधीत त्यांनी प्रथम मल्लांसाठी मैदान व मागोमाग, १९१५ साली, नटांसाठी ‘पॅलेस थिएटर’, म्हणजेच आजचे हे नाट्यगृह, उभे केले. एका हाताने पैलवानाला खुराक आणि दुसऱ्या हाताने नाटक मंडळीला आश्रय देणारा हा राजा स्वतः मल्लविद्येचा जाणकार होता, आणि मल्ल व नट यांची घरे त्याने शेजारी शेजारी बांधली यात मला केवळ जागेची सोय दिसत नाही.

त्याच कोल्हापुरात एखादा तरुण संध्याकाळी ‘तालमीला निघालो’ म्हणाला, तर तो लाल मातीच्या हौद्यात उतरणार आहे की नाटकाची नक्कल हातात घेऊन उभा राहणार आहे, हे विचारल्यावाचून कळत नाही. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून तो निघाला, फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आणि बोलण्यात शिरला, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘शिक्षण’ एवढाच आहे. उत्तरेकडे तो अजूनही त्याच अर्थाने चालतो. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींनी जी शिक्षणयोजना मांडली तिला ‘नयी तालीम’ हे नाव पडले ते त्याच अर्थाने. मराठीने मात्र या व्यापक शब्दाला आवळून मुख्यतः दोन ठिकाणी बसवले: एक जोर-बैठकांचा आखाडा आणि दुसरे नाटक बसवण्याची जागा. शाळेतल्या शिक्षणाला आपण तालीम म्हणत नाही, गायकाच्या शिक्षणाला म्हणतो. आणि पैलवान व नट यांना तोच शब्द लागू करताना मराठी माणसाची जीभ कधी अडखळली नाही. ज्यांनी हा शब्द असा वाटून घेतला, त्यांच्या लेखी ही दोन्ही शिक्षणे मुळात शरीराची होती, रोजच्या हजेरीची होती, आणि ती पुस्तकातून नव्हे तर वस्तादाच्या नजरेखाली मिळवायची होती, असा माझा समज आहे. आणि मराठी रंगभूमीने नटाच्या शरीराचे शिक्षण केव्हा केले, केव्हा सोडले आणि केव्हा पुन्हा हाती घेतले, याचा इतिहास या शब्दाच्या आधाराने वाचता येतो.

तो इतिहास सांगलीपासून सुरू होतो. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिने श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांपुढे आपले खेळ केले. हे खेळ यक्षगानाच्या घराण्यातले. त्यात भागवताने गावे आणि वेषधाऱ्यांनी नाचावे, झुंजावे, गिरक्या घ्याव्यात, असा शिरस्ता. श्रीमंतांना त्यातला आवेश आवडला, ओबडधोबडपणा आवडला नाही, आणि त्याच धर्तीचा पण अधिक नेटका खेळ मराठीत उभा करण्याची कामगिरी त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे या हुन्नरी तरुणावर सोपवली. भावे लाकडी बाहुल्या घडवून नाचवण्याच्या कलेत वाकबगार होते, हा तपशील चरित्रकार ओझरता सांगून पुढे जातात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण सांध्यासांध्याने शरीर कसे हलते, मान वळली की खांदा कोठे जातो आणि पाऊल उचलले की कंबर काय करते, याचा विचार ज्याने लाकडात केला होता, त्याच्याच हाती मराठीतले पहिले नट शिकण्यासाठी आले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले, आणि तो दिवस आपण आजही रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या नाटकांची रीत ध्यानात घेतल्यावाचून पुढचे कळणार नाही. पदे सगळी सूत्रधार गाई. राम असो की रावण, सीता असो की शूर्पणखा, पात्राने स्वतः गायचे नसे. सूत्रधाराचे पद चालू असता त्या पदातला भाव अंगाने दाखवायचा आणि पद संपल्यावर आयत्या वेळी सुचेल ते भाषण करायचे, असा तो बेत होता. गणपती येई, मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येई, मग कथा लागे. नटांच्या पार्ट्या पडलेल्या असत. देवपार्टी वेगळी, स्त्रीपार्टी वेगळी आणि राक्षसपार्टी वेगळी. या राक्षसपार्टीचा दरारा मोठा. हिलालांवर राळेचा भपका उडावा, त्या क्षणभराच्या लालभडक उजेडात अंगावर जड पोशाख चढवलेला, तोंडाला रंग फासलेला राक्षस तलवार फिरवीत, आरोळ्या देत उडी घेऊन यावा आणि पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदराआड दडावीत, हा त्या खेळांतला सर्वांत गाजणारा प्रसंग होता. पुढच्या पिढीतल्या सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ असे नाव ठेवून त्यांची हेटाळणी केली. पण ज्याने रात्रभर जड पोशाखात उड्या मारायच्या, दोन हात करायचे, आणि समोरच्याला खरचटूही द्यायचे नाही, त्याचे गुडघे, दम आणि मनगट यांची काय तयारी झालेली असली पाहिजे, याचा विचार त्या हेटाळणीत कोणी केला नाही. दुसऱ्याच्या स्वरावर आपले शरीर चालवायचे ही शिस्त साधी नाही. कोकणातल्या आणि पेडण्याकडच्या दशावतारात ती अजून पाहायला मिळते. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर या नावाजलेल्या मंडळ्यांत लिखित संहिता हाती नसताना पखवाज आणि झांजेच्या तालावर युद्ध उभे राहते, आणि नवा पोरगा ते युद्ध शिकतो ते कोणी शिकवले म्हणून नव्हे, तर चार हंगाम पेटाऱ्याबरोबर गावोगाव फिरून, विंगेत उभा राहून, थोरल्यांच्या पायांकडे पाहून.

शास्त्राचा आधार हवा असेल त्याने भरताकडे जावे. नाट्यशास्त्रात एकशे आठ करणे सांगितली आहेत, चारी आणि मंडले सांगितली आहेत, आणि पात्राच्या गतीसाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. अंधारात चाचपडणारा कसा चालतो, रथात चढणारा कसा पाऊल टाकतो, वृद्धाची, मद्यप्याची, राजाची चाल कोणती, याचा विचार तेथे आहे. परंतु मला त्या ग्रंथातली सर्वांत जिव्हाळ्याची जागा वाटते ती व्यायामाची. नटाने अंगाला तिळाचे तेल किंवा पेज चोळून भूमीवर व्यायाम करावा, सकस आहार घ्यावा, आणि भूमी हीच व्यायामाची माता समजावी, असे मुनी सांगतात. हे वाचताना नाट्याचार्याऐवजी कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीचा एखादा वस्तादच बोलत असावा असा भास होतो.

१८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले, आणि मराठी नाटकाच्या भाग्याचा तो दिवस होता यात शंका नाही. पण नटाच्या शरीराच्या दृष्टीने पाहता त्या दिवशी एक मोठे स्थित्यंतर निमूटपणे घडले. पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या मुखात घातली गेली. शकुंतला आता स्वतः गाऊ लागली, आणि जो नट गातो त्याला श्वास राखावा लागतो, सुराला धरून उभे राहावे लागते, समोरच्या साथीदारांकडे कान ठेवावा लागतो. त्याला धावून, झुंजून, गिरकी घेऊन चालत नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने लोक वेडे झाले, पुढे बालगंधर्वांच्या गळ्याने झाले, ‘वन्स मोअर’ पडू लागले, एकेक पद लांबत गेले, आणि पद चालू असता बाकीची पात्रे स्तब्ध उभी राहू लागली. ऑर्गन आणि तबला यांच्यासमोरची ती मधली जागा हीच रंगभूमीची राजधानी झाली. जे मिळाले ते अमोल होते. जे गेले त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

तरीही त्या मंडळ्यांत शरीराचे शिक्षण अजिबात संपले नव्हते, कारण नाटक मंडळी हे एक बिऱ्हाड होते. दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाने आणून मालकांच्या स्वाधीन करावा, अमुक वर्षे राहण्याचा करार व्हावा, आणि तेथून त्याचे उठणे, जेवणे, निजणे सगळे कंपनीच्या शिस्तीत चालावे, असा तो संसार. पंगत एक, मुकाम एक, प्रवास एक. सकाळी गळ्याची मेहनत, दुपारी तालीम, रात्री खेळ, आणि खेळ नसेल त्या रात्री थोरल्या नटाचे पाय चेपता चेपता ऐकलेले चार शब्द. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर लाभला म्हणजे त्या मुलाचे सोने होई. देवल स्वतः शिक्षक, किर्लोस्करांचे शिष्य, ‘शारदा’चे कर्ते, शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी त्यांच्याच हाताखालून गेले आणि पुढे आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधला हॅम्लेट होऊन महाराष्ट्रभर गाजले. त्या गद्य मंडळ्यांत, जेथे पदांचा आसरा नव्हता, तेथे शरीराला पुन्हा काम पडले. ‘विकारविलसित’ला शेवटचे द्वंद्व होते, १८९० च्या ‘झुंझारराव’ला संशयाने पोखरत जाणारा योद्धा होता, आणि खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवधा’ला तर भीमाच्या बाहूंवाचून अर्थच नव्हता, सरकारने १९१० साली ते नाटक बंद केले ते त्याच्या शब्दांतल्या रूपकामुळे, परंतु प्रेक्षकाच्या उरात ते रूपक शिरले असेल ते त्या बाहूंच्या वाटेने.

स्त्रीपार्टीचे शिक्षण हा तर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. नऊवारी लुगडे नेसलेल्या शरीराची चाल वेगळी पडते. कासोटा मागे गेल्यामुळे मांड्या मोकळ्या राहतात, पण निऱ्यांचा भार पुढे येतो, म्हणून पाऊल लांब टाकता येत नाही आणि टाच आधी टेकली तर काठ पायाखाली येतो. पदर खांद्यावर नुसता असून भागत नाही. त्याचे टोक केव्हा बोटाला गुंडाळायचे, केव्हा कमरेला खोचायचे, थोरल्यांसमोर तो कोणत्या बाजूने पुढे घ्यायचा, आणि दुःखात तो डोळ्यांना नेमका कोणत्या शब्दावर लावायचा, हे सगळे एकेका मुलाने वर्षानुवर्षे घोटलेले असे. शाहूनगरवासींतले बळवंतराव जोग, किर्लोस्करांतले भाऊराव, आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांच्या नेसण्या-बसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या कौतुकात एक वेदना मात्र राहून जाते. स्त्रीच्या शरीराचा एवढा सूक्ष्म अभ्यास ज्या रंगभूमीने मुलांकडून करून घेतला, त्या रंगभूमीने मुलींना तालमीच्या उंबऱ्याशी येऊ दिले नाही. ना मातीच्या तालमीत, ना नाटकाच्या. तमाशाच्या फडावर नाचणाऱ्या स्त्रियांनी ढोलकीच्या बोलांवर जे पदन्यास कमावले होते, जी नजर आणि जो दम कमावला होता, तो शिक्षणाचा भाग आहे असे त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या मनातही आले नाही. हा दोष मोठा होता, आणि त्याची किंमत पुढे बराच काळ मोजावी लागली.

या शिक्षणाचा शेवटचा अंश मला माझ्या डोळ्यांनी पाहायला मिळाला. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सांगलीकडच्या आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाचे ऐतिहासिक नाटक बसवायला एक वृद्ध नट येत असत. लहानपणी ते एका नाटक मंडळीत होते, मंडळी बुडाल्यावर त्यांनी पोटासाठी अनेक उद्योग केले, आणि त्या वेळी ते सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, पांढरे स्वच्छ धोतर नेसणारे गृहस्थ होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पहिल्या दिवशी आम्ही नकला पाठ करून, आवाज तापवून हजर झालो, तर त्यांनी कोणाला एक शब्दही बोलू दिला नाही. ते म्हणाले, “पोरांनो, आधी खाली बसा.” आम्ही बसलो. “आता उठा, पण हात टेकायचा नाही.” अर्धा तास आम्ही तेच करीत होतो, मांड्या भरून आल्या, दोघे-तिघे कलंडले, आणि तोपर्यंत अण्णा स्वतः आमच्याबरोबर, एकदाही हात न टेकता, बसत होते आणि उठत होते. “दरबारात खुर्ची नसायची,” ते म्हणाले, “बैठकीवरनं उठताना सरदार जमिनीला हात लावील तर तो सरदार कसला?”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक समई आणवली. ती पेटवून दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली आणि प्रत्येकाला तिच्या अंगावरून, अगदी वीतभर अंतराने, झपाट्याने चालत जायला सांगितले. ज्योत हलता कामा नये. आम्ही हळू गेलो तर ते परत पाठवीत, झपाट्याने गेलो तर ज्योत फडफडे. शेवटी आमच्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा, जो रोज पहाटे गावच्या तालमीत घुमत असे आणि ज्याला अण्णांनी दोन वाक्यांचा हुजऱ्या दिला होता, तो गेला. वेग कमी न करता तो समईपाशी आला, त्याची कंबर जराशी खाली बसली, खांदे जागच्या जागी राहिले, आणि तो पलीकडे गेला तरी ज्योत सरळ उभी होती. अण्णा काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी त्याला जवळ बोलावले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्हांला म्हणाले, “ह्याला मी काही शिकवायला नको. ह्याला नुसतं बोलायला शिकवा.” त्या वर्षी हुजऱ्याची भूमिका वाढवली गेली. समईपाशी एक क्षण खाली बसलेली ती कंबर मला आजही जशीच्या तशी दिसते, आणि दोन तालमी मुळात एकच आहेत हे मला प्रथम कळले ते त्या संध्याकाळी.

अण्णांसारखी माणसे उघड्यावर पडली याला कारणे होती. बोलपट आला आणि मंडळ्यांचे बिऱ्हाड मोडले. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, बोलणे घरातल्यासारखे झाले, तीन भिंतींचा खराखुरा दिवाणखाना उभा राहिला. हे सगळे आवश्यक होते आणि त्याबद्दल त्या मंडळींचे आपण ऋणी आहोत. परंतु दिवाणखान्यात कोच आला, आणि कोच आल्यावर नट बसला. पुढच्या तीस वर्षांतली किती नाटके उठून कपाटाकडे जाणे, सिगारेट पेटवणे आणि परत येऊन बसणे एवढ्या हालचालींत आटोपली, हे ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. ज्या स्त्रिया आता रंगभूमीवर आल्या त्यांना तर मागचे शिक्षण मिळालेलेच नव्हते, आणि नवे देणारे कोणी नव्हते. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या, १९६३ पासून पुण्यात महाविद्यालयीन मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू झाला, आणि पोरे पुन्हा रात्र रात्र तालमी करू लागली. त्या तालमींतल्या उत्साहाला तोड नाही, पण उत्साह हा शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, आणि दोन महिन्यांत एकांकिका बसवायची असता शरीर घडवायला वेळ कोणाला?

शरीर परत आले ते दोन वाटांनी. पहिली वाट दिल्लीची. १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रे १९६२ साली इब्राहिम अल्काझींच्या हाती आली. ते पुण्यात जन्मलेले, मुंबईत नाव कमावलेले, आणि मराठी नाटकाला ज्यांनी नवे वळण दिले त्या विजया मेहतांचे गुरू. त्यांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या शरीराला वाचन आणि वाणी यांच्या बरोबरीचे स्थान दिले आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतची अशी शिस्त लावली की, जुन्या मंडळीच्या बिऱ्हाडाची आठवण व्हावी. पुण्याच्या रोहिणी ओक, पुढच्या रोहिणी हट्टंगडी, याच विद्यालयातून बाहेर पडल्या. जपानी काबुकी आणि कर्नाटकी यक्षगान या दोन्ही प्रकारांत स्त्रीने सहसा करू नयेत अशा समजल्या गेलेल्या भूमिका त्यांनी केल्या. ज्या यक्षगानाने १८४२ साली सांगलीत मराठी नाटकाला जन्म दिला, ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका मराठी मुलीच्या अंगात उतरले, हा योगायोग मला अतिशय आनंद देतो. कमलाकर सोनटक्के, वामन केंद्रे अशी दिल्लीत घडलेली माणसे महाराष्ट्रात परतली, औरंगाबादला, पुण्याला, मुंबईला विद्यापीठांतून नाट्यशिक्षण उभे राहिले, आणि अंगाची हालचाल हा परीक्षेचा विषय झाला.

दुसरी वाट घरचीच. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ झाले. विजय तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, एवढे सगळ्यांच्या तोंडी असते. परंतु त्या खेळाचे पाय ज्यांनी बांधले त्या कृष्णदेव मुळगुंदांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. पडदा उघडतो तो समोर ब्राह्मणांची एक रांग. ती गाते, डुलते, पुढे येते, मागे सरते, आणि प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की तिचाच पडदा होतो, त्यामागे पुण्यात जे चालले आहे ते दडते. पुन्हा वळली की देऊळ होते, वाडा होतो, झुंड होते. कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्यातली डुलणारी ओळ या रांगेच्या पाठीशी आहे. मी तो प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या मनात अण्णांची समई होती. त्या रांगेतले नट धंदेवाईक नव्हते. कोणी वैद्यकीय महाविद्यालयातले, कोणी नोकरदार, संध्याकाळी कामावरून येऊन तालीम करणारे. परंतु महिनोन्महिने एकत्र पाऊल टाकल्यामुळे त्यांच्या खांद्यांत एकच श्वास चालला होता, आणि एका माणसाची मान वळली की सगळी भिंत वळत होती. जे भाव्यांच्या राक्षसपार्टीत होते, दशावताराच्या युद्धात होते, आणि कोचावर बसून आपण हरवले होते, ते त्या रांगेत मला परत दिसले. शब्द मागे राहिला आणि शरीराने अर्थ सांगितला. १९८० साली हेच नट युरोपात गेले, आणि मराठीचे अक्षरही ज्यांना येत नव्हते त्या प्रेक्षकांनी ते नाटक समजून घेतले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

तेव्हापासून आजपर्यंत पुष्कळ घडले. आता योगासने आहेत, मल्लखांबाचा आणि केरळच्या कळरीपयट्टूचा अभ्यास आहे, परदेशी पद्धतींची नावे मुलांना पाठ आहेत. या सगळ्याला माझा विरोध नाही; ज्ञान जेथून मिळेल तेथून घ्यावे. मात्र तीन दिवसांच्या कार्यशाळेत नटाचे शरीर घडते, हा जो समज हल्ली रूढ होत आहे, तो मला चुकीचा आणि विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा वाटतो. पैलवानाला कोणी तीन दिवसांत कुस्ती शिकवीत नाही. तालमीतला पोरगा महिनेच्या महिने नुसते जोर मारतो, हौद्यातली माती उकरतो, त्या मातीत तेल, ताक, हळद मिसळतो, थोरल्यांची लढत पाहतो, आणि मग कधीतरी वस्ताद त्याला एक डाव सांगतो. नाटकाच्या पोराला आपण पहिल्याच दिवशी डाव सांगतो आणि माती दाखवतच नाही. अण्णांनी आम्हांला दिली ती माती होती. देवलांनी आपल्या नटांना दिली ती माती होती. भरतमुनींनी भूमीला माता म्हटले ते याच अर्थाने.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरचे ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. जिथे शाहू महाराजांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या नट उभे राहिले ती जागा सकाळी काळीठिक्कर पडलेली पाहून कोल्हापूरची म्हातारी माणसे रस्त्यात उभी राहून रडली. वास्तू पुन्हा उभी करण्याचे काम शासनाने आणि नगराने हाती घेतले. ज्यांच्या हाती ते काम आहे त्यांना, आणि महाराष्ट्रात जेथे जेथे नवी नाट्यगृहे बांधली जात आहेत त्या सर्वांना, माझी एक विनंती आहे. रंगमंच मोठा करा, खुर्च्या चांगल्या करा, दिवे उत्तम आणा. पण त्याच छताखाली एक मोकळी, उजेडाची, चांगल्या जमिनीची तालीम बांधा, मुलांना आणि मुलींना सारखीच उघडी, आणि तिचे कुलूप रोज पहाटे निघेल अशी व्यवस्था करा.